एक्केचाळीस फॉर्मांचं पाकीट

मॅट्रिकला मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला की त्याचं नाव गावभर होतं. त्याच्या मास्तरांचं होतं, बापाचं होतं, पेढे वाटत फिरणाऱ्या आत्याचंसुद्धा होतं. पण त्या मुलाचा फॉर्म वेळेवर मुंबईला युनिव्हर्सिटीत कोणी पोचवला, असं विचारणारा माणूस रत्नागिरीत अजून जन्माला यायचा आहे. भागोजीभाऊ मयेकरांनी बावीस वर्षं हे काम केलं आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते एकदाच, आणि तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं त्याची ही गोष्ट.

भाऊ मांडवीकडचे भंडारी. वडील माडावर चढायचे. मुलानं दोरी-कोयती सोडून टाक हातात धरला याचं त्यांना मरेपर्यंत नवल वाटत होतं. गावातल्या एका हायस्कुलात भाऊ कारकून म्हणून लागले आणि हळूहळू युनिव्हर्सिटीचं सगळं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. हेडमास्तर यायचे नि बदलून जायचे, भाऊ तिथंच. युनिव्हर्सिटीची पत्रकं यायची ती अशी, की एका पत्रकात जे करा म्हणून लिहिलेलं, ते दुसऱ्यात करू नका म्हणून लिहिलेलं असायचं. भाऊ ती सगळी तारीखवार लावून ठेवायचे. कुठल्या मुलाचा फॉर्म कधी परत आला नाही, कुणाच्या नावात चूक निघाली नाही. "मयेकरांच्या हातून गेलेला कागद म्हणजे देवाला वाहिलेलं फूल, परत यायचं नाही," असं एक जुने मास्तर म्हणायचे. भाऊंना ते ऐकून बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार?

एकतीस साली मंदीचं निमित्त झालं आणि दुसऱ्या कारकुनाची जागा गेली. सदू शिवलकर म्हणून होता, जरा उंडगा, पण चार कागद तरी उचलायचा. तो गेला आणि त्याचं टेबल भाऊंच्या टेबलाला आणून चिकटवलं, म्हणजे त्याचं कामही चिकटलं. त्याच पावसाळ्यात घैसास नावाचे नवे हेडमास्तर पुण्याहून आले. माणूस वाईट नव्हता म्हणावं तर तसंही म्हणवत नाही. दर दहा मिनिटांनी घंटी वाजवायचे आणि "मयेकर, झालं का?" एवढंच विचारायचे. काय झालं का, ते सांगायचे नाहीत. मग भाऊ सगळंच करत बसायचे.

तिथून त्यांची तब्येत बिघडली. दुपारी जेवण झालं की छातीत जळजळायचं. झोप गेली. शाळेचं कपाट बंद करून निघायचे, वळणापर्यंत यायचे नि परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. कधी दोनदा, कधी चारदा. मोजायची तर अशी खोड लागली की विचारू नका. शाळेच्या पायऱ्या मोजायचे, छपराच्या रिपा मोजायचे. तुळसावहिनींनी ताटात तीन बांगडे वाढले तर ते तीनच आहेत का, हे पुन्हा पुन्हा बघायचे. आधी वहिनी हसल्या. "चवथा बांगडा कुठं पळाला काय?" म्हणाल्या. मग एका रात्री बघितलं तर नवरा अंधारात उठून चुलीजवळची लाकडं मोजत होता, तेव्हा हसू गेलं.

वैद्यांनी पित्ताचं चूर्ण दिलं आणि सांगितलं, डोक्याला ताप देऊ नका. सांगायला त्यांचं काय जातंय? डिसेंबर उजाडला होता आणि मॅट्रिकच्या फॉर्मांचे दिवस आले होते. त्या वर्षी एक्केचाळीस मुलं होती.

फॉर्म पाठवायची भाऊंची एक रीत होती. वर्गाच्या पटावरून ते आधीच नावांची यादी करून ठेवायचे. मग फॉर्म येतील तसे यादीप्रमाणे लावायचे, सगळे जमले की दोऱ्यानं टाके घालून गड्डी शिवायची, मेणकापडात गुंडाळायची, वर लाख लावायची आणि स्वतः टपाल कचेरीत नेऊन द्यायची. मुंबईच्या बोटीची थैली बंद व्हायच्या आत ती तिथं पोचली पाहिजे. त्या वर्षी त्यांनी लाख लावलेलं पाकीट दोनदा फोडलं आणि दोनदा परत बांधलं, तोवर थैली बंद झाली. घरी येऊन हे त्यांनी वहिनींना सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज ते पाकीट जायला हवं," त्या म्हणाल्या. "फारम दोनदा मोजा. तिसऱ्यांदा मोजाल तर माझी शपथ आहे."

"अगो, पण..."

"पणबिण नाय. असं मोजता मोजता एक दिवस मीच एकटी राहीन मोजायला. दोनदा. माझ्या गळ्याची शपथ."

भाऊंनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. आपलं आपल्याला थांबता येत नाही, तर कुणी तरी थांबवलं म्हणून.

शाळेत आल्यावर त्यांनी कालचं पाकीट सोडलं आणि फॉर्म मोजले. एक्केचाळीस. परत मोजले, एक्केचाळीस. दोऱ्याची सुई हातात घेतली आणि सगळ्यात वरच्या फॉर्मवर नजर गेली. इंग्रजी बाराखडीप्रमाणे लावलेले, म्हणून वर फणसोपच्या अयूबचा. अयूबची जन्मतारीख सात वर्षांपूर्वी त्याच्या आईनं मोहरमच्या हिशेबानं सांगितली होती आणि भाऊंनीच ती इंग्रजीत बसवली होती. आता फॉर्मवर तीच पडली आहे ना? शंका आली म्हणजे आली. त्यांनी तो फॉर्म उचलला, कपाटातून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं, अयूबचं पान उघडलं आणि फॉर्म त्या पानावर ठेवून तारीख ताडून बघितली. बरोबर होती. इतक्यात घंटी वाजली. "मयेकर, झालं का?" भाऊ धावत गेले, "होतंय साहेब" म्हणून धावत आले. रजिस्टर मिटलं, कपाटात टाकलं, गड्डी समोर ओढली.

पुन्हा मोजावी म्हणून बोट वरच्या कागदावर गेलंसुद्धा. मग शपथ आठवली. दोनदा मोजून झालं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या मनाला गप्प बसवलं, टाके घातले, लाख लावली आणि पाकीट थैलीत टाकून आले. त्या दिवशी घरी येऊन चांगले पोटभर जेवले. वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं.

जानेवारीच्या शेवटी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. यादीत नावं एक्केचाळीस, फॉर्म चाळीस. अयूबचा फॉर्म मिळालेला नाही, मुदत संपलेली आहे, या वर्षी त्याला बसता येणार नाही.

 भाऊंनी टेबलाचे खण उपसले, कपाटाचे कप्पे झाडले, केराची टोपलीसुद्धा उलटी केली. जनरल रजिस्टर उघडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. कोणाची तरी तारीख ताडून बघितल्याचं आठवत होतं, पण ती अयूबची की आणखी कुणाची? आणि ती खरंच बघितली की अंथरुणावर पडल्या पडल्या मनात बघितली? दोनदा मोजलेले एक्केचाळीससुद्धा खरे की स्वप्नातले? गेले चार महिने ते झोपेतही फॉर्म तपासत होते. खऱ्यातलं कुठलं आणि मनातलं कुठलं, याचा त्यांनाच पत्ता नव्हता.

"साहेब, मला वाटतं मी तो फॉर्म बघितला होता," ते घैसासांना म्हणाले.

"वाटतं? ऑफिसात वाटून काय उपयोग? आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग त्यानं दिलेलाच नाही. यादी तुम्ही पटावरून केलीत. बावीस वर्षं तुमच्या हातून चूक झाली नाही, ती नेमकी आत्ता होईल? कार्ट्याला बोलवा, आणि त्याच्या घरच्यांनाही."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हे ऐकून भाऊंना आतून बरं वाटलं. चूक पोराची असली तर आपण सुटलो, असं कुठंतरी त्यांच्या मनात आलंच. पुढं उरलेला जन्म त्यांनी त्या एका घटकेची लाज धरली.

अयूब आला. उंच, सडपातळ, अठराचा. त्यानं शांतपणे सांगितलं, की फॉर्म मी भाऊंच्या हातात दिला. त्याची आई हफीजा फणसोपहून तरीच्या होडीनं भाट्याची खाडी ओलांडून आली. नवरा समुद्रात बुडालेला, ती काथ्याचं सुंभ वळून घर चालवायची. मुलानं समुद्राचं तोंड बघू नये, शिकावं, कचेरीत बसावं, एवढा एकच तिचा ध्यास. आणि नेमकं त्याच वर्षी तिचा भाऊ युसुफ, जो मुंबईच्या एका जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, तो अयूबला म्हणत होता, चल, तुला खलाशी म्हणून लावतो. अयूबही दोन-चारदा बोलून गेला होता की जातो. त्यामुळे फॉर्म पोचला नाही म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच आलं: पोरानं तो मुद्दामच दिला नाही.

तिनं हेडमास्तरांकडे बघितलंसुद्धा नाही. ती भाऊंपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, त्या कागदावर मी माज्या घरात अंगठा दिलाय. तो पुढं तुमच्याकडं आला काय नाय, तेवढं सांगा. हा म्हणतो दिलान्. हेडमास्तर म्हणतात नाय दिलान्. माका दोघांचं नको. तुमी सांगाल ते खरं."

ऑफिसात घैसास उभे, दोन मास्तर उभे, दारात मुलं जमलेली. अयूब भाऊंकडे टक लावून बघत होता. रागानं नव्हे. सांगा ना, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

"माझ्याकडे नाही," भाऊ म्हणाले.

खोटं नव्हतं ते. त्यांना ठाऊक होतं तेवढं खरंच होतं. पण हफीजानं ते ऐकलं आणि वळून मुलाच्या थोबाडीत दिली, सगळ्यांसमोर. अयूबनं गालाला हातही लावला नाही. तो चालायला लागला.

मग आठ-दहा दिवस गेले. अयूब शाळेत येईना म्हणून घैसासांनी फर्मावलं, की रजिस्टरात त्याच्या नावापुढं "शाळा सोडली" असा शेरा मारा. भाऊंनी जनरल रजिस्टर काढलं, त्याचं पान उघडलं, आणि फॉर्म तिथं होता. सही अयूबची. खाली पालक म्हणून हफीजाचा अंगठा.

 भाऊंना सगळं आठवलं, अगदी स्वच्छ: पान, तारीख, घंटी, मिटलेलं रजिस्टर, आणि तिसऱ्यांदा न मोजलेली गड्डी. शपथेची गोष्ट त्यांनी तिथल्या तिथं मनात पुरली. तुळसाला हे कधी कळता कामा नये, एवढं एक त्यांनी ठरवलं, आणि तेवढं मात्र मरेपर्यंत पाळलं.

फॉर्म घेऊन ते घैसासांकडे गेले.  घैसासांनी बघितलं, दार लावून घेतलं.

"आता काय उपयोग? मुदत गेली."

"त्याच्या आईला सांगायला हवं, साहेब. पोरगा मामाकडं मुंबईला गेलाय म्हणतात. अजून जहाजावर चढला नसेल तर तार करून..."

"आणि युनिव्हर्सिटीला काय सांगू? आमच्या ऑफिसात फॉर्म हरवतात? शुक्रवारी इन्स्पेक्शन आहे. तुमची तीन वर्षं राहिलीत, मयेकर. सर्व्हिस बुकात लाल शाई लागू द्यायची आहे का? ठेवा तो कपाटात आणि कामाला लागा."

इथं भाऊंनी उठून तडक भाट्याच्या तरीवर जायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मी असतो तर गेलो असतो. म्हणा. बावीस वर्षं साहेबाच्या घंटीवर उठलेला माणूस असा एका दिवसात उठत नाही. भाऊ कामाला लागले. इन्स्पेक्शनच्या फायली लावल्या. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. फॉर्म कपाटात नव्हता, कोटाच्या आतल्या खिशात होता. जेवताना हात मध्येच त्या खिशावर जायचा. वहिनी म्हणायच्या, "छातीत दुखतंय काय?" ते म्हणायचे, "हो."

पाचव्या दिवशी ऐन इन्स्पेक्शनच्या सकाळी, साहेबांना न सांगता, भाऊ तरीत बसले.

हफीजा अंगणात सुंभ वळत होती. तिनं उठून बाकडं पुसलं, पाणी आणलं. शाळेचे कारकून घरी आले म्हणून शेजारची सोनूबाई कुंपणापर्यंत येऊन बघून गेली. भाऊंनी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फॉर्म दिला होता अयूबनं. माझ्या हातात दिला होता. मी रजिस्टरात ठेवून विसरलो. चूक माझी.

ती ऐकत राहिली. मग चक्क हसली, थकल्यासारखी.

"भाऊ, तुमचं मन मोठं हाय," ती म्हणाली. "पोरगा गेला म्हणून म्हातारीची समजूत काढायला आलात. पण तुमी असं खोटं आपल्या अंगावर घेऊ नका. तुमच्या हातनं चूक होत नाय, हे अख्ख्या फणसोपाला म्हायत आहे."

"नाही हो हफीजाबी, खरंच झाली."

"नाय म्हणते ना मी." आता तिचा आवाज चढला. "त्यानं कुराणावर हात ठेवून सांगितलान्, आई, मी दिला. मी म्हटलं, कुराणावर हात ठेवून खोटं बोलणारा माजा पोर नव्हं. माज्या दारात परत पाय ठेवू नको म्हटलं. तुमचं खरं धरलं, तर मी काय केलं? सांगा. मी काय केलं?"

भाऊंनी तिथं गप्प बसावं. बाई स्वतः वाट करून देत होती, त्यांनाही आणि स्वतःलाही. पण जन्मभर कागदाला कागद लावून दाखवण्याची सवय. त्यांनी खिशातून फॉर्म काढला, उलगडला आणि तिच्यापुढं धरला.

"हा बघा. हा अंगठा तुमचाच ना?"

हफीजाला अक्षर येत नव्हतं. पण सुंभ वळून वळून तिच्या अंगठ्याला आडवी चीर पडलेली होती, आणि शाईच्या ठशात ती चीर स्वच्छ उमटली होती. तिनं ठसा बघितला, स्वतःचा अंगठा बघितला. मग कागद हातात घेऊन खाली बसली.

ती म्हणाली, "आणखी चार दिस आधी आला असतात. परवा युसुफचं कार्ड आलं, सोनूबाईच्या पोरानं वाचून दाखवलान्. मंगळवारी जहाज सुटतंय म्हणून."

मंगळवारी. फॉर्म सापडला तो सोमवार होता. भाऊंनी ते सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

"त्या दिवशी मी तुमाला विचारलं," ती कागदाकडे बघत म्हणाली, "तेव्हा तुमी नुसतं 'बघून सांगतो' म्हणाला असतात ना, भाऊ, तर मी थांबले असते."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भाऊ तरीत बसून परत आले तेव्हा तरवाल्यानं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही काय. दुसऱ्या दिवशी त्यांनी घैसासांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. पेन्शन अर्ध्यावर आलं. गावात लोक म्हणाले, मयेकरांना वेड लागलं, तीन वर्षांसाठी कोणी असं करतं का? वहिनींनी कारण विचारलं. "तब्येत" म्हणाले. त्यांनी ते मानलं, आणि आपण शपथ घातली म्हणून निदान माणूस जिता राहिला, असं त्या शेजारणींना सांगायच्या. भाऊ ते ऐकून आत निघून जायचे.

त्यांनी अयूबला पत्रं लिहिली. जहाज कंपनीच्या पत्त्यावर, मामाच्या पत्त्यावर, ज्या बंदराचं नाव कळेल तिथल्या कंपनीच्या कचेरीत. सगळ्या पत्रांत एकच मजकूर: चूक माझी होती, तुझ्या आईला कळलं आहे, घरी ये. काही पत्रं शिक्के खाऊन परत आली, काहींचं काय झालं कळलं नाही. अयूब मधल्या एका बंदरावर दुसऱ्या जहाजावर गेला, एवढंच युसुफनं कळवलं. तो राग धरून गप्प होता की पत्र पोचलंच नव्हतं, हेही कुणी सांगू शकलं नाही.

दर शुक्रवारी भाऊ तरीनं खाडी ओलांडून फणसोपला जायचे. हफीजा त्यांना बसा म्हणायची नाही आणि जा म्हणायची नाही. "आलं काय?" ते विचारायचे. "नाय," ती सांगायची. मग ते थोडा वेळ बाकड्यावर बसायचे, ती सुंभ वळत राहायची, आणि ते परत यायचे. असे पाच वर्षं शुक्रवार गेले. पावसाळ्यात तरीची होडी बंद असली की भाऊ खाडीच्या अलीकडे येऊन उभे राहायचे नि परत फिरायचे.

सदतीस सालच्या माघात भाऊ गेले. छातीतलं दुखणं होतंच. तिसऱ्या दिवशी, पाहुणेरावळे बसलेले असताना, हफीजा पहिल्यांदाच त्यांच्या दारात आली. तुळसावहिनींना वाटलं, समाचाराला आली असेल. त्यांनी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, पदर डोक्यावर ओढलेला, हातात एक पाकीट, परदेशी तिकिटाचं, अजून न फोडलेलं.

"बुधवारी आलं," ती म्हणाली. "शुक्रवारी येतील म्हणून ठेवून दिलं होतं. त्यांच्याशिवाय दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं नव्हतं माका."